तुमची मावशी कशानं गेली?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी पाहुण्याच्या पानात बुंदी पडते न पडते तोच त्याला "तुमची मावशी कशानं गेली?" असं विचारणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच असावा, आणि तो माझा सख्खा मामा आहे. पाहुण्याची मावशी धडधाकट असली आणि समोरच्याच पंगतीत जेवत असली, की फार पंचाईत होते.

किसनमामा पोखर्णीला शेळ्या पाळतात. शेळी घेताना तिची आई, आजी विचारल्याशिवाय दाव्याला हात लावत नाहीत. शेळ्यांचे वंश त्यांना तोंडपाठ. माणसांचे मात्र वहीत. माणसं विचारल्याशिवाय सांगत नाहीत आणि विचारलं तर लपवतात, अशी त्यांची तक्रार आहे.

हे खूळ माझ्या आईच्या आजारपणातलं. तिला स्तनाचा कॅन्सर झाला, आधी तिच्या बहिणीलाही झाला होता. दवाखान्यातल्या एका डॉक्टर मॅडमनी संशोधनासाठी मामांचंही रक्त घेतलं. पेशींत मायक्रोआरएनए नावाचे बारके रेणू असतात, ते जनुकांना आवर घालतात. वारशाने त्यांत एखादा बारीक फरक आला तर कॅन्सरचा धोका थोडा वाढू शकतो, अजून अभ्यास चालू आहे, असं त्यांनी समजावलं. मामांनी ते गावाला आपल्या पद्धतीने सांगितलं.

"जनुकं म्हंजी शेळ्या, अन् हे बारके म्हंजी शेळ्या वळणारे. हाळी दिली की शेळी थांबती. पर एखाद्या घरात हाळीच जरा येगळी. शेळी म्हनती, हे मला न्हाईच! अन् शिरली पिकात."

"म्हणजे मलाही होणार?" मी घाबरून विचारलं.

"होऊ शकतंय. होईलच असं न्हाई."

हे वाक्य मुळात मॅडमचं. मामांनी ते असं काही उचललं, की आता त्यांच्याकडून दुसरं उत्तरच मिळत नाही. बोरीची गाडी येईल का? "येऊ शकती. येईलच असं न्हाई." जेवायला घरी येणार का, याचंही हेच उत्तर आलं, तेव्हापासून मामी त्यांना विचारतच नाहीत.

आई गेली आणि मामांनी माझ्यामागे लकडा लावला. दर रविवारी फोन : "तपासून आलीस का?" मी बोरीला शिक्षिका. कधी पेपर तपासणी, कधी निवडणुकीची ड्यूटी. माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता. खरं सांगायचं तर मी भीत होते. एके दिवशी मामा थेट शाळेतच आले आणि हेडमास्तरांसमोर ठाण मांडून बसले. "साहेब, हिला सुट्टी द्या. अन् तुमच्या आत्याचं काय झालतं?" हेडमास्तरांनी माझा रजेचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला.

गाठ निघाली, तुरीच्या दाण्याएवढी. हाताला लागलीही नव्हती. ऑपरेशन झालं, उपचार झाले, गेलेले केस परत आले. आज मी वर्गात उभी राहून पाढे घेते, ते या हट्टी माणसामुळे.

गेल्या महिन्यात तपासणी स्वच्छ आली. परभणीच्या स्टँडवर चहा घेताना मी म्हटलं, "मामा, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

मामांनी कप खाली ठेवला.

"उपकार नगं म्हनूस, माय. गाठ हाय म्हनून तुह्या मायनं पयले मलाच सांगितलं होतं. शेळीला अशा गाठी येत्यात अन् जात्यात. म्या म्हनलं, हळदीचा लेप लाव. आठ म्हैने लेपच लावत बसली ती, मी सांगितलं म्हनून. तवाच नेली असती, तर वाचली असती."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांचंच वाक्य माझ्या तोंडात आलं.

"वाचू शकली असती, मामा. वाचलीच असती असं नाही."

मामांनी रुमालाने डोळे पुसले, गार झालेला चहा पिऊन टाकला. मग बाकावर शेजारी बसलेल्या बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या आईकडून कुनी कशानं गेलं का?"

एरवी मी त्यांना कोपरखळी मारून गप्प केलं असतं. त्या दिवशी मामांच्या पिशवीतली वही काढून त्यांच्या हातात दिली आणि माझा पेनही दिला.