बिनसाखळीचं शटर

गोडाऊनचं भाडं हातात पडू लागल्यापासून आपल्या हिरामणची मान खाली वळेनाशी झाली आहे, अशी पुतळाबाईंची तक्रार होती. आणि मानकोली नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या ती करत. पोराने आधी शेजारच्या ठकुबाईच्या अंगणात जाणारी वाट भिंत घालून बुजवली. लग्न होऊन आल्यापासून पुतळाबाईंचा सकाळचा चहा त्या वाटेपलीकडे होई. मग पुढच्या फाटकाला विजेवर चालणारं शटर आलं.

"हातानं ओढायची साखळी कुठं हाय रं?"

"काढाया लावली. साखळी लोंबली की गोडाऊन वाटतं. आता फक्त बटण!"

शुक्रवारी नातीला, मनालीला, बघायला अकलोलीची मंडळी येणार होती. घर संस्कारी दिसावं म्हणून हिरामणने नव्या टीव्हीवर एक जुना सिनेमा लावून ठेवला. परीच्या झऱ्याभोवती कोट बांधणारा राजा स्वतःच आत अडकतो आणि आपल्या हाताने कोट पाडतो तेव्हाच सुटतो, अशी गोष्ट. लहानपणी तंबूत हाच सिनेमा बघताना हिरामणने आईच्या पदराला नाक पुसलं होतं.

"बोध घेण्यासारखा हाय," तो म्हणाला.

"मग घे की! आनि शुक्रवारची लाईट जाते, ध्यानात हाय ना?"

"आज न्हाय जायची. पाव्हणे येनार हायत."

पडद्यावर राजाने कोटाचा शेवटचा दगड बसवला आणि लाईट गेली. त्याच वेळी बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

हिरामणने बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग गोड बोलून दाबलं. मागे गोडाऊनची भिंत, बाजूला त्याची स्वतःची.

"घरात कुनी हाय का?" बाहेरून मुलाच्या बापाचा आवाज आला.

"हाय ना! आमी सगळी हाव!" आतून उत्तर गेलं, पण शटर काही हललं नाही.

पुतळाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "ठके! पाव्हणे तुज्याकडं घे गं!"

"घेते. पन तुजा पोर म्हंतो, माज्या कोंबड्या घान करतात."

"त्यांनाबी पंगतीला बसव!"

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून तांदळाच्या भाकरीचा आणि सुकटीचा वास येऊ लागला. हसण्याचे आवाजही आले. कुणीतरी विचारलं, "मुलीचे वडील गावाला गेलेत काय?"

"ठकुमावशी," हिरामण भिंतीशी हळूच म्हणाला, "शिडी देता काय?"

ठकुबाईने एक शिडी वरून दिली, एक पलीकडे लावली. पण पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला हिरामण पलीकडची पायरी चुकला आणि थेट खुराड्यावर उतरला. मागून मनाली साडी खोचून चढली, नीट उतरली आणि आल्याआल्या ठकुबाईच्या हातातली ताटं घेऊन वाढायला लागली. मुलाची आई नवऱ्याकडे वळली. "पोर अडचनीला अडत न्हाय. मना पसंत हाय."

सगळ्यांत शेवटी पुतळाबाई चढल्या आणि वरच बसल्या. एक पाय ह्या अंगणात, एक त्या. तेवढ्यात लाईट आली.

"आई, लाईट आली! उतर, शटरातून ये," डोक्यातलं पीस काढत हिरामण म्हणाला.

"हिरामना," सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात पुतळाबाई म्हणाल्या, "राजाला अक्कल याया परी लागली, तुला कोंबड्या पुरल्या. मी काय हितून उतरनार न्हाय. भिंत खाली जाईल, तिच्यासंगंच खाली येईन. पहार आन!"