बंदरी धोंडू चव्वेचाळीस वेळा मेला त्याची बखर

श्री. निजल्या लेकराच्या नाकाशी बोट धरून ज्याची खात्री करून घ्यावी लागते, त्या वाऱ्यास नमस्कार असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघ मासी, पश्चिम समुद्रतीरी एका बंदरात जे वर्तमान जाहले ते, जैसे ऐकिले तैसे, पदरचे थोडेसेच घालून लिहिले असे. राज्य कोणते, हे पुसू नये.

त्या राज्यात हेमांगीबाई आंजर्लेकर म्हणोन थोर विदुषी होत्या. त्यांचा व्यासंग समुद्रावरच्या हवेचा. लाट फुटते, तुषार उडतात, ते वाळून मिठाचे कण होतात, पाण्यातल्या शेवाळापासून गंधकाची वाफ निघते, आणि त्यांवर ऊन पडोन पुढे त्यांचेच ढग कैसे होतात, याचा शोध बाई करीत. त्यांनी कड्यावर एक पंप मांडिला, आणि त्यात पांढरा फिल्टर घालावा, तीन प्रहर वारा ओढावा, मग फिल्टर चिमट्याने उचलून डबीत ठेवावा, ऐसा क्रम. बंदरचे लोक म्हणत, बाई वारा मुरत घालतात. आणि वारा उलटा फिरोन फिल्टरात समुद्राऐवजी बोंबील भाजल्याचा धूर शिरला म्हणजे बाई कड्यावरून ओरडत, "कोणाची चूल पेटली गं?" आणि खालून उत्तर येई, "जेवायला या!" बाईंची ख्याती ऐसी की, जे घडले ते लिहावे, आणि बिघडले ते आधी लिहावे. धुराचा फिल्टरही वहीत चढे, वर शेरा, "बोंबील."

तशांत सरकारांतून एक पेटी आली. पेटीत रबरी बाळ, आणि त्याच्या छातीत वारा भरावयास मुखवटा लाविलेला रबरी फुगा. सुईणींनी खऱ्या बाळास हात लावण्याआधी यावर हात बसवावा, ऐसा हेतू. बाळाच्या पोटात यंत्र होते, आणि कळ दाबिली म्हणजे ते जन्मास येई, पण रडत नसे, ओठ निळे पडत, आणि एका मिनिटात योग्य उपाय जाहला तर छाती वर येऊन रडे, न जाहला तर पाठीवर तांबडा दिवा लागे, म्हणजे मेले. मग हे बाळ कोणत्या खात्याने सांभाळावे यावर दरबारी खलबत जाहले. आरोग्यखाते म्हणाले, हे सजीव नव्हे. खेळण्यांचे खाते राज्यात नव्हते. तेव्हा एक मुत्सद्दी उठोन बोलिले जे, बाळास श्वास आहे, श्वास म्हणजे हवा, बंदरची हवा बाईंकडे, सबब बाळही बाईंकडे. सर्वांनी माना डोलविल्या.

बंदरात तीन खाटांचे सूतिकागृह होते आणि तेथे भिवराबाई थोरली सुईण. तिने बाळाचे पाय धरिले, उलटे टांगिले आणि दोन चापट्या मारिल्या. तांबडा दिवा लागला.

"बाई, माज्या हातून तीनशे पोरं झाली," भिवराबाई बोलिली, "हे तुमचं रबरच अपशकुनी."

"तीनशे रडली ती आपणहून रडली, भिवराबाय. जी रडली नाहीत त्यांचं काय केलंत?"

भिवराबाई बोलिली, "सात होती. नावं सांगू?" आणि उत्तराची वाट न पाहता पदर खोचोन बसली. "आना ते रबर इकडं."

मग रोज सकाळी बाई पेटीतल्या कागदावरची रीत वाचून दाखवीत, बाळ जन्मास येई आणि मरे. कधी मान फार मागे गेली म्हणोन मेले, कधी आधी नाक पुसिले आणि मग तोंड, म्हणोन मेले, कधी मुखवट्याची कड गालावर बसली नाही म्हणोन मेले. सुईणींच्या जिवास लागले. सबब जेथे लेकरे जगत नाहीत तेथे करितात तैसे त्यांनी केले, म्हणजे काळाने ढुंकून पाहू नये ऐसे ओबडधोबड नाव बाळास ठेविले, धोंडू. तरीही मेला. पण महिन्यामागे महिना गेला, आणि धोंडू चार दिवसांत एकदा, मग आठवड्यातून एकदाच मरू लागला.

आता चूक जाहली ती ऐसी. सरकाराने वही एकच धाडिली होती, जन्ममृत्यूची. बाईंनी हरएक मरण तीतच लिहिले. नाव, धोंडू. कारण, मान मागे गेली. आईचे नाव या रकान्यात काय लिहावे? रकाना मोकळा ठेविल्यास वही परत येत असे. सबब सांभाळणार या नात्याने बाईंनी आपले नाव लिहिले. पाच महिन्यांनी वही आणि हवेचा अहवाल एकाच फडक्यात बांधोन दरबारी गेला.

दरबारी हाहाकार. एका बाईस पाच महिन्यांत एकेचाळीस पुत्र कैसे, हे कोणी पुसिले नाही, कारण रकाने सर्व भरले होते. उलट म्हणाले, पाहा, सर्वांचे नाव धोंडू, माउली किती भ्याली असेल! मग अहवाल उलगडिला, त्यात हवेत मीठ, हवेत गंधक. तेव्हा सर्वांची खात्री जाहली जे, ही हवाच बाळे मारिते. आज्ञा सुटली, सूतिकागृहास कुलूप घालावे, आणि बंदरच्या गर्भिणींनी बारा कोस घाट चढोन वरच्या गावी बाळंत व्हावे.

आज्ञा घेऊन विसाजीपंत मुतालिक आले. समागमे जीप, कुलूप, लाख, आणि बाईंस सांत्वनाचे लुगडे व नारळ. पंत सद्गदित होऊन बोलिले, "बाईसाहेब, एकेचाळीस म्हणजे फारच जाहले हो."

बाईंनी धोंडू आणोन पंतांच्या मांडीवर ठेविला. "हाच तो. सगळे एकेचाळीस."

पंतांनी बाळ पाहिले, वही पाहिली, पुन्हा बाळ पाहिले. "पण वहीत तर मयत आहे."

"मेलाच होता. काल पुन्हा जन्मला."

"वहीत तैसे नाही," पंत बोलिले, आणि दारास कुलूप घालोन त्यावर लाखेची मोहोर केली.

तेव्हा बंदरातली एक गर्भीण, चंद्री, पुढे आली. तिचे दिवस भरत आले होते, आणि ती कमरेवर हात ठेवोन बोलिली, "मंग मी घाटात बाळंत व्हायचं का, पंत? का तुमच्या जीपमंदी? सीट धुऊन घ्याल?"

पंत म्हणाले, हुकूम हुजुरांचा, मी नुसता हात. भिवराबाई म्हणाली, हातच तर पायजे, आणि तिने ओसरीवर धोंडूची कळ दाबोन त्यास पंतांच्या हाती दिले. पंत घाबरले आणि धोंडूस उलटे टांगोन चापटी मारू लागले. तांबडा दिवा लागला. बाईंनी वही उघडोन लिहिले, बेचाळीस. कारण, विसाजीपंत.

"माझे नाव खोडावे!" पंत ओरडिले.

"घडले ते लिहिते," बाई बोलिल्या.

पंतांनी उभ्या हयातीत कागदावर पुष्कळ माणसे मारिली होती, परंतु हातात कोणी मेले नव्हते. ते जेवले नाहीत. दोन प्रहरी बोलिले, पुन्हा आणा. त्रेचाळीस. पुन्हा. चव्वेचाळीस. भिवराबाई म्हणाली, "घाई नका करू, पंत. तोंडानं मोजा. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." पंतांनी मोजीत फुगा दाबिला, आणि चौथ्या वेळी धोंडूची छाती वर आली आणि तो रडला, आणि पंतही. मग त्यांनी दरबारी खुलासा धाडिला. उत्तरास पंधरा दिवस. कुलूप तैसेच.

तिसरे दिवशी सकाळी चंद्रीस कळा लागल्या. किल्ली पंतांपाशी, पण मोहोर मोडणे म्हणजे चाकरी जाणे. भिवराबाई बोलिली, "पंत, पोर काय तुमच्या उत्तरासाठी थांबनार नाय." पंतांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि सांत्वनाचा नारळ उचलोन मोहोरेवर हाणिला. लाख फुटली, नारळही फुटला.

दोन प्रहरांच्या सुमारास बाळ आले. मुलगी. आली ती निळी, आणि रडेना. ओसरीवर बंदर जमले होते. आत भिवराबाईने पाय धरिले नाहीत. तिने बाळ कोरडे केले, पाठ चोळिली, मान बेताने सरळ केली, आधी तोंड पुसिले, मग नाक, तरी रडेना. मग मुखवटा बसविला, कड गालावर नीट पाहिली, आणि फुगा दाबू लागली. बाहेर पंत खांबास धरोन उभे, आणि त्यांचे तोंड आपोआप सुटले, "दाब, दोन, तीन! दाब, दोन, तीन!" मग बायकांनी धरिले, मग मासे आणिलेल्या खलाशांनी, आणि सारे बंदर एका सुरात मोजू लागले, ते ऐकोन भिवराबाईचा हात चुकला नाही. आणि मग मध्येच दुसराच सूर आला, बारीक आणि रागावलेला. सर्वांचे मोजणे जागच्या जागी राहिले.

"आता रडू दे," आतून भिवराबाई बोलिली, "कोनी गप करू नका तिला." आणि हेमांगीबाई, ज्या जे घडले ते लगेच लिहीत, त्यांनी ती वेळ टिपिली नाही. बारा वाजले होते की साडेबारा, हे कोणासच ठाऊक नाही.

बारशास चंद्रीची सासू बोलिली, जीव वाचला, आता हिचे नाव धोंडी ठेवू. भिवराबाई म्हणाली, "कशाला? लागायची ती नजर त्या रबराला लागून गेली. तुमी चांगलं ठेवा." सबब मंजुळा ठेविले. पंत पाळण्यापाशी गेले, निजलेल्या मंजुळेच्या नाकाशी बोट धरिले, आणि बराच वेळ तैसेच उभे राहिले. मोहोर फोडिल्याचेही पंतांनी मागाहून कळविले होते, आणि त्याच दिवशी दरबारचे दोहोंस मिळोन उत्तर आले जे, हवा निर्दोष, कुलूप तहकूब, मोहोर फोडिली तो नारळ कोणत्या खात्यातला, याचा खुलासा करावा, आणि धोंडूसाठी वेगळी वही रवाना होत आहे.

ती वही अद्याप आली नाही. बाई कड्यावर वारा ओढितात, आणि खाली जुन्याच वहीत लिहितात. इतके जाहले ते सांगितले. धोंडू आजतागायत एकशे एकोणीस वेळा मेला. माघापासून त्या वहीत मयत दुसरे बाळ नाही.