नमुना ब

माझा नवरा जिना उतरताना प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टाकतो, मग उजवा आणून त्याच्या शेजारी ठेवतो. चौदा पायऱ्यांना पूर्वी अकरा सेकंद लागायचे, आता अठ्ठावीस लागतात. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, "फुटबॉल बंद." तरीही दर रविवारी तो बूट बांधतो, कारण कप्तान त्याचा सख्खा मोठा भाऊ आहे आणि दादाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नाही. मीही काही बोलले नाही. नवऱ्याला "तू म्हातारा झालास" हे सांगण्याइतकी मी शूर नाही.

आम्ही तिघंही रंग बनवणाऱ्या एकाच कारखान्यात, आणि फुटबॉलचा संघही कारखान्याचाच. मी प्रयोगशाळेत, नवरा पॅकिंगमध्ये, भाऊजी उत्पादनात.

अंतिम सामन्याच्या आधीच्या सोमवारी भाऊजी लॅबमध्ये आले ते छाती पुढे काढूनच.

"आठ सामन्यांत फक्त तीन गोल खाल्ले! लीगमध्ये आपली बचावफळी एक नंबर!"

"आकडा बरोबर आहे, भाऊजी," मी म्हटलं. "पण तो नेमका कशाचा आहे, ते बघायला हवं. चेंडू किती वेळा गोलपोस्टला लागून परत आला?"

"ते कोण मोजतं?"

"मी मोजते!" मी ऐटीत म्हटलं. "बुधवारपर्यंत सांगते, चौघा बचावपटूंपैकी कोण किती कामाचा. अगदी निःपक्षपाती!"

यातला शेवटचा शब्द मला भोवला.

निःपक्षपाती म्हणजे काय, ते आमच्या लॅबमध्ये भिंतीवर लिहिलंय. नमुन्यावर नाव नको, फक्त अक्षर. तपासणाऱ्याला नमुना कुणाचा ते कळता कामा नये. आता माझा नवरा आणि दीर दोघंही त्या चौघांत! म्हणून आठही सामन्यांची रेकॉर्डिंग मी माझ्या सहकारी बाईंना दिली. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मोजायला बसल्या की मुंगीचे पायसुद्धा दोनदा मोजतात. त्यांनी चौघांना अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली, नावांची चिठ्ठी पाकिटात सील केली आणि मला नुसते तक्ते दिले.

तक्ते मोठे मजेशीर होते. गोल तीनच, पण चेंडू अकरा वेळा गोलपोस्टला आपटला होता! पदक द्यायचंच तर त्या दोन खांबांना द्यायला हवं होतं. ब ने एक्केचाळीस टॅकल केले होते, सगळ्यांत जास्त. कुणीही म्हणेल, वाघ आहे! पण शंभरातले बासष्ट हल्ले आले होते त्याच्याच बाजूने. ज्या दाराला कडी नाही, चोर त्याच दाराने येणार! आणि क ने टॅकल केले होते फक्त दोन. तो चेंडूच्या आधीच जागेवर उभा असायचा, म्हणून तिकडे कुणी फिरकतच नव्हतं.

बुधवारी मी अहवाल सूचनाफलकावर लावला : "ब ला विश्रांती द्यावी."

"ब कोण?" भाऊजींनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"म्हणजे? अहवाल तू लिहिलास ना!"

"हो, पण नावं पाकिटात आहेत. ते उघडायला लॅबप्रमुखांची सही लागते, आणि ते शनिवारी येणार."

भाऊजी माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच एखादा बिघडलेला डबा आहे.

मग सुरू झाला गोंधळ! गुरुवारी सकाळी स्टोअरकीपर आले. ते आमचे उजवे बचावपटू. धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेली जर्सी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"ब मीच असणार, मॅडम. आठ सामन्यांत मी काही केल्याचं मलाच आठवत नाही."

दुपारी चौथा बचावपटू, कारखान्याचा ड्रायव्हर आला, तावातावाने. "माणसाला अक्षर लावता? मी काय डबा आहे? नाही खेळत जा!" त्याचीही जर्सी टेबलावर, तीही न धुतलेली!

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. "अगं, यांनी ठरवलंय की ब म्हणजे धाकटाच. त्याला कसं सांगावं म्हणून तीन तास फेऱ्या मारतायत. माझी फरशी झिजली!"

आणि घरी नवरा!

"खरं सांग, मीच ब ना? मला वाईट नाही वाटणार."

"अरे, मला खरंच माहीत नाही."

"मीच असणार," तो म्हणाला, आणि चक्क शीळ घालत भांडी घासायला लागला. बिचारा किती धीराने घेतोय! शुक्रवारी तर त्याने बूटसुद्धा माळ्यावर टाकले.

शनिवारी लॅबप्रमुख आले. चौघेही बचावपटू, राखीव खेळाडू असलेला इलेक्ट्रिशियन आणि मी, सगळे तराजूच्या टेबलाभोवती उभे. लॅबप्रमुखांची सही झाली. सहकारी बाईंनी पाकीट फोडलं आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल वाचावा तशा आवाजात वाचलं :

"अ, ड्रायव्हर. ब, कप्तान. क, स्टोअरकीपर. ड, पॅकिंग."

भाऊजींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आता आपल्या घरात उभी फूट पडणार, या खात्रीने मी टेबलाची कड धरली.

आणि भाऊजी खो-खो हसत सुटले!

"एक्केचाळीस टॅकल! तरीच म्हणतो, सगळे माझ्याच अंगावर का येतात? बरं झालं बाई, कुणीतरी सांगितलं. पाठीचे पार तुकडे झालेत माझ्या!" त्यांनी खिशातून कप्तानाची पट्टी काढली. "माझ्या जागी इलेक्ट्रिशियन. आणि धाकट्या, ही घे पट्टी. उद्यापासून कप्तान तू!"

माझा जीव भांड्यात पडला. नवऱ्याकडे बघितलं, तर त्याचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा!

"मी ब नाही?" त्याने बाईंना विचारलं. "नीट बघा ना. परत मोजा!"

"दोनदा मोजलंय," बाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार दिवस हा माणूस धीराने घेत नव्हता, नवस बोलत होता! कागदानेच आपल्याला काढावं, म्हणजे तोंडाने बोलायला नको. मी गप्प, तो गप्प, आणि दोघांचीही भिस्त सहकारी बाईंच्या मोजणीवर!

"अरे, घे की पट्टी," भाऊजी म्हणाले. "किती वेळ हात पुढे करून उभा राहू?"

नवऱ्याने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"दादा, मी उद्या खेळणार नाही. परवाही नाही. माझा गुडघा गेलाय. मी फुटबॉल सोडला!"