सात नंबरचा पेशंट

एका जंगलात, बाळांनो, दवाखाना होता आणि दवाखान्यात सगुणा नावाची खार सिस्टर होती. तिथला नियम असा, की बदलीची सिस्टर आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. आणि बदलीच्या मुंगूसबाई तीन दिवस आल्याच नव्हत्या. दवाखान्याच्या गेंडासाहेबांनी त्यांना तणावमुक्ती शिबिरात पाठवलं होतं. हसायला शिकायला.

तीन दिवस सगुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने माकडाचं प्लास्टर त्याला भेटायला आलेल्या अस्वलाला घातलं. अस्वल भिडस्त होतं. आभार मानून लंगडत घरी गेलं.

शेवटी ती गेंडासाहेबांकडे गेली.

"साहेब, एक दिवस रजा द्या. नाहीतर माझ्या हातून एखादा दगावेल हो."

"सिस्टर, तुम्ही सेवेची मूर्ती! मूर्ती कधी झोपते का?"

"देवळात शेजारती होते की, साहेब."

"देवांचं वेगळं. त्यांच्याकडे वॉर्ड नसतो."

आणि साहेबांनी तिच्या छातीवर 'मी आनंदी आहे' असा बिल्ला लावला. मला त्या गेंड्याचा असा राग आला म्हणून सांगू!

सगुणाने विचार केला. या दवाखान्यात झोपायला मिळतं ते फक्त पेशंटला. तिने स्वतःचा केसपेपर काढला. आजाराच्या रकान्यात लिहिलं, 'फार दमली आहे'. आणि सात नंबरच्या खाटेवर आडवी झाली.

डोळा लागतो न लागतो तोच तिला आठवलं, नव्या पेशंटचा ताप बघायचा राहिला. ती धडपडत उठली. थर्मामीटर घेऊन सात नंबरपाशी आली.

खाट रिकामी!

"अगंबाई! पेशंट पळाला!"

सगळे शोधायला धावले. सगुणा सगळ्यांच्या पुढे. संडास पाहिले, झाडं पाहिली, खाटांखाली पाहिलं.

"दिसायला कशी आहे?" माकडाने विचारलं.

"बारकीशी खार आहे. डोळे खोल गेलेत. फार वाईट अवस्था आहे हो तिची," सगुणा म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. "तिच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही."

गेंडासाहेब लालबुंद झाले. "पेशंट हरवता? आठ दिवस निलंबित! चालत्या व्हा!"

मुंगूसबाईंना शिबिरातून तातडीने बोलावलं. त्या अर्धवट हसत आल्या. सगुणाने त्यांना चार्ज दिला, ढोली गाठली आणि आठ दिवस घोरत पडली.

तात्पर्य : दमलात तर रजा मागू नका, पेशंट हरवा. तो पेशंट तुम्हीच असाल, तर सापडायची घाई करू नका.