ग्रंथपालांची ढकलगाडी

"महिनाभर," ग्रंथपालांच्या बायकोनं सांगितलं, "रोज वापरायची. कामाला, बाजारहाटाला, आईंना कुठं न्यायचं असेल तर तिथं. नुसती पुसून उभी ठेवायची नाही. महिना झाला की मी सांगेन, ठेवायची की परत करायची."

ग्रंथपालांनी मान डोलावली. मान डोलावताना त्यांची नजर मात्र बायकोच्या खांद्यावरून मागं, फाटकाबाहेर गेली होती. तिथं नारिंगी रंगाची ती गाडी उभी होती. लांबलचक नाक, दारं दोनच, आणि छप्पर इतकं खाली की कुंपणावरचं मांजर उडी न मारता सरळ चालत त्यावर गेलं. शोरूमवाल्यानं तिला 'मसल कार', म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हटलं होतं. ग्रंथपालांच्या स्वतःच्या अंगावर मसल म्हणावं असं काही नव्हतं. हळू बोलणं, हळू चालणं, पुस्तकाचं पानसुद्धा आवाज न करता उलटणं, यात त्यांचा जन्म गेला होता. पण शाळेत असताना अशी एक गाडी त्यांच्या अंगावरून गेली होती, म्हणजे अगदी जवळून, आणि तिचा आवाज त्यांच्या बरगड्यांत कुठंतरी कायमचा राहून गेला होता.

चाचणीची अट नवी नव्हती. बायको पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. इस्त्री टेबलावरून पाडायची, मिक्सरचं झाकण उलटं लावायचं, पंख्याची वायर ओढायची, आणि एवढं सोसूनही वस्तू टिकली तरच तिला बाहेर जाऊ द्यायचं, हे तिचं काम. घरातही तोच नियम. नवी छत्री आधी नळाखाली धरली जाई. ग्रंथपालांचे नवे बूट महिनाभर रोज घातल्याशिवाय जुने टाकले जात नसत. लग्नाआधी आपलीही अशी काही चाचणी झाली असणार, असा ग्रंथपालांना संशय होता. निकाल मात्र त्यांना कधी कळला नव्हता.

"आणि एक," बायको आत जाता जाता म्हणाली, "हिच्यामुळे कुणाला त्रास झाला, तर तिथंच नापास. शोरूमवाल्याशी माझं बोलणं झालंय. ती उंच छपराची राखाडी गाडी तो बदली द्यायला तयार आहे."

राखाडी गाडीचं नाव काढताच ग्रंथपाल फाटकाबाहेर जाऊन नारिंगी गाडीचं नाक पुसू लागले.

पहिले काही दिवस गुण बरे पडले. डिकी ऐसपैस निघाली, फक्त तिचं तोंड अरुंद होतं, त्यामुळे बटाट्यांची पिशवी आत जाताना फाटली आणि पुढं आठवडाभर प्रत्येक वळणावर एखादा बटाटा गडगडत हजेरी लावायचा. गतिरोधक आला की ग्रंथपाल गाडी तिरकी करून, दारातून पलंग बाहेर काढावा तशी, एकेक चाक उतरवून घेत. मागच्या काचेतून फक्त आकाशाची एक पट्टी दिसे. पेट्रोल पंपावरचा माणूस इतका ओळखीचा झाला की एकदा त्यानं "आईंचे गुडघे कसे आहेत?" असं विचारलं. पण सरळ रस्ता लागला आणि पाय जरा दाबला की ग्रंथपालांचा चेहरा बारा वर्षांच्या मुलासारखा होई. बायकोनं शेजारी बसून तो चेहरा पाहिला होता. "सीट चांगली आहे," एवढंच ती म्हणाली.

घोळ झाला तो सकाळच्या वेळी.

वाचनालय परीक्षेच्या मुलांसाठी लवकर उघडे. बायको त्याही आधी कारखान्याच्या बसनं गेलेली असे. पहिल्याच सकाळी ग्रंथपालांनी अंगणाबाहेर किल्ली फिरवली, आणि गल्लीत जे झालं त्याला सुरू होणं म्हणणं कमीच. संध्याकाळच्या वर्दळीत हा आवाज खपून जाई, पण झोपलेल्या गल्लीत तो भिंतींवर आपटत शेवटच्या घरापर्यंत गेला. कावळे उडाले. कुणाची तरी खिडकी थरथरली. ग्रंथपालांना समोरच्या घरातली परिचारिका आठवली. बिचारी रात्रपाळी करून नुकतीच येऊन पडलेली असणार. आयुष्यभर ज्यानं खुर्ची सरकवणाऱ्याकडेही रोखून पाहिलं, त्या माणसानं एका थकलेल्या बाईची झोप मोडावी? शिवाय त्रास म्हणजे नापास.

दुसऱ्या सकाळी ग्रंथपालांनी वेगळी युक्ती केली. किल्ली अर्धीच फिरवली, गाडी न्यूट्रलला टाकली, दार उघडं ठेवून एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि खांदा लावला. वळणापर्यंत गल्ली सपाट होती, पुढं मोठ्या रस्त्यापर्यंत उतार. वळणाशी पोहोचेपर्यंत त्यांचा शर्ट भिजला, पण गाडी आवाज न करता उतरली, आणि मोठ्या रस्त्यावर, ट्रकच्या आवाजात, त्यांनी ती सुरू केली.

असं तीन-चार दिवस बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी गाडी नेहमीपेक्षा हलकी लागली. ग्रंथपालांनी मागं वळून पाहिलं, तर डिकीला दोन्ही हात लावून निवृत्त मास्तर उभे.

"आधी सांगायचं नाही का हो? एकटेच काय ढकलता!"

"नाही, तसं काही नाही..." ग्रंथपाल कुजबुजले.

"लाजू नका. नवी वस्तू कधी कधी फसवी निघते. हं, लावा जोर!"

खरं सांगावं तर मास्तर दिवसभर गल्लीत बोलत फिरणार, आणि आवाजाची गोष्ट बायकोच्या कानावर जाणार. ग्रंथपालांनी पुन्हा खांदा लावला. दुसऱ्या दिवशी मास्तरांबरोबर सुतार आला. त्याचा हात लागताच गाडी भराभर निघाली. तिसऱ्या दिवशी समोरचं दार उघडलं आणि डोळे चोळत, अंगावर शाल घेऊन परिचारिका बाहेर आली.

"तुम्ही कशाला?" ग्रंथपाल कळवळून म्हणाले. "तुम्ही झोपा ना!"

"झोपेन हो नंतर. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? सरका जरा."

जिच्या झोपेसाठी हा सगळा खटाटोप, तीच झोप सोडून गाडी ढकलू लागली. ग्रंथपालांना रडावं की हसावं कळेना. आता माघार घ्यायची तर कशी? सकाळी ते बाहेर येण्याआधीच तिघं बाह्या सरसावून उभे असत, आणि मास्तर "एक, दोन, तीन!" असं इतक्या जोरात ओरडत की गाडीच सुरू केली असती तर बरं, असं वाटावं.

महिना संपत आला तसं मास्तरांना राहवलं नाही. सुट्टीच्या दिवशी फाटकात बायको दिसताच ते म्हणाले, "बाई, ही गाडी परतच करा. रोज बंद पडते. आमच्या कमरा गेल्या."

"रोज?" बायको म्हणाली आणि तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. कारखान्यात एखाद्या मिक्सरमधून धूर येऊ लागला की ती असंच पाहत असावी.

ग्रंथपालांसमोर दोनच वाटा होत्या. गाडी बंद पडते म्हणावं, तर नापास. बंद पडत नाही, ओरडते म्हणावं, तरी नापास. त्यांनी तिसरी वाट धरली आणि झाडाला पाणी घालायला गेले.

"ठीक आहे," मागून आवाज आला. "आज संध्याकाळी शेवटची चाचणी. आईंना घेऊन चक्कर मारायची. आई बसू शकल्या तर पुढचं बोलू."

ही चाचणी सगळ्यांत अवघड होती. ग्रंथपालांच्या आईला जवळजवळ ऐकू येत नसे. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिनं ते खणात टाकून दिलं होतं, आणि घराबाहेर पडणंही सोडलं होतं. "बाहेर जाऊन काय करू? सगळ्यांची तोंडं हलताना दिसतात नुसती," असं म्हणून ती दिवसभर खिडकीत बसे. कितीदा विनवलं तरी उठत नसे. पण आज ती चक्क तयार झाली. लेकाची गाडी जाणार हे सुनेच्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं असावं.

"आधी बसा, मग पाय आत," सून तिच्या कानाशी ओरडली.

"एवढी खाली? ही गाडी आहे की सतरंजी?" आई म्हणाली, आणि धप्पकन पुढच्या सीटवर बसली. तिचा चेहरा जरा घाबरा झाला होता. तिनं दाराची कडी घट्ट धरली.

"मी चालवणार," बायकोनं जाहीर केलं. "तुम्ही मागं."

मागच्या सीटवर माणूस बसावा असं ती बनवणाऱ्याच्या मनात आलं नसावं. ग्रंथपालांनी आधी डोकं घातलं, मग एक खांदा, मग उरलेलं सगळं घडी करून ओढून घेतलं. गुडघे हनुवटीला लागले. कमरेतून एक बारीकशी कळ गेली. एवढ्यात मागच्या काचेत ओळखीचे तीन चेहरे दिसले. मास्तर, सुतार, परिचारिका. बाह्या सरसावलेल्या.

"अहो, तुम्ही काय करताय?" बायकोनं खिडकीतून विचारलं.

"तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा बाई! एक..."

"किल्ली फिरवू नकोस," ग्रंथपाल मागून म्हणाले. पण म्हणाले ते वाचनालयातल्या आवाजात. तो पुढच्या सीटपर्यंतसुद्धा पोहोचला नाही.

"दोन..."

बायकोनं किल्ली फिरवली.

मास्तर तीन म्हणाले की नाही, ते कुणालाच कळलं नाही. ते कुंपणाला जाऊन टेकले होते. सुताराचे हात हवेतच राहिले. मांजर छपरावरून जे गेलं ते दुसऱ्या दिवशी परत आलं. बायकोनं किल्ली परत फिरवली आणि गल्लीत शांतता पसरली. सगळे मागच्या सीटवरल्या गाठोड्याकडे बघू लागले.

"ही किल्लीनंच सुरू होते?" मास्तरांनी विचारलं.

"होते," गाठोडं म्हणालं. "पहिल्यापासून होते."

"मग महिनाभर आम्ही काय करत होतो?"

ग्रंथपालांनी गुडघ्यांमधून परिचारिकेकडे पाहिलं. "तुमची झोप मोडू नये म्हणून मी ढकलत होतो. मग हे आले. मग मला सांगायला जमेना."

"माझी झोप?" परिचारिका कपाळावर हात मारून म्हणाली. "अहो, मी वॉर्डात दहा यंत्रं बोंबलत असतात त्यांच्यात खुर्चीत डुलकी काढणारी बाई! तुमची गाडी ढकलायची म्हणून गजर लावून उठत होते मी!"

"माझा खांदा अजून दुखतोय," सुतार म्हणाला. "मास्तर, तुम्हीच बोलावलंत मला."

"मला रोज खिडकीतून या आजींनी खुणा केल्या! पोरगं एकटंच ढकलतंय, जा म्हणून!"

सगळ्यांच्या नजरा पुढच्या सीटकडे वळल्या. आईला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. ती समोर बघत होती. कडीवरचा तिचा हात कधीच सुटला होता, तो आता छातीवर होता.

"परत कर," ती म्हणाली.

"आई, गाडी परतच करायची आहे," सून ओरडली.

"गाडी नाही गं! तो आवाज. तो परत कर. मला आला."

सुनेनं किल्ली फिरवली. आईनं डोळे मिटले. "कानात नाही," ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "इथं येतो. देवा रे, किती दिवसांनी काहीतरी आलं." मग तिनं डोळे उघडले आणि लहान मुलीसारखं फर्मावलं, "चल ना! उभी काय केलीस?"

ती चक्कर बरीच लांब झाली. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात करत होती. मोठ्या रस्त्यावर सुनेनं पाय जरा दाबला, आणि आई इतकी हसली की तिला उचकी लागली. पुन्हा जरा पाय दाबला गेला. आरशातून ग्रंथपालांना बायकोचा चेहरा दिसला. तो त्यांच्या ओळखीचा होता. तो बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा होता, फक्त बायकोच्या अंगावर.

घरी आल्यावर आई सहज उतरली. ग्रंथपाल मात्र उतरेनात. महिनाभर ढकललेली कंबर मागच्या सीटमध्ये कुलूप लागल्यासारखी अडकली होती. शेवटी त्याच तिघांना हाक मारावी लागली. ढकलण्याचा सराव दांडगा असला तरी ओढण्याचा नव्हता, त्यामुळे वेळ लागला.

डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि बजावलं, "खाली वाकून बसायचं नाही. बुटक्या गाडीत तर अजिबात नाही. पुढचे काही महिने."

ग्रंथपाल पलंगावर पाठ टेकून निकालाची वाट पाहत राहिले. "गेली ना?" त्यांनी विचारलं. "त्रास झाला सगळ्यांना."

"झाला," बायको उशी सरळ करत म्हणाली. "पण गाडीमुळे नाही. सुरू होणारी वस्तू ढकलून वापरली, तर बिघाड वस्तूच्या नावावर लिहीत नाहीत. चुकीचा वापर म्हणतात त्याला. गाडी पास." तिनं त्यांच्या कमरेचा पट्टा घट्ट केला. "माणूस नापास. पण जुना माल आहे, परत घेत नाहीत."

तेव्हापासून ग्रंथपाल बसनं वाचनालयात जातात, उभ्यानं. बायकोनं कारखान्याची बस सोडली. दुपारी ती गाडी घेऊन घरी आली की आई फाटकाशी तयारच असते, आणि मागच्या सीटवर पाळीपाळीनं मास्तर, सुतार नाहीतर परिचारिका असते. महिन्याच्या श्रमांचा तेवढा हक्क त्यांनी बोलून घेतला आहे.

परवा वाचनालयात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. एवढ्यात बाहेरून तो आवाज आला. खिडक्यांची तावदानं किणकिणली, परीक्षेच्या मुलांनी माना वर केल्या. ग्रंथपाल पट्टा सावरत खिडकीशी गेले. खाली नारिंगी गाडी मुद्दाम हळू चालली होती, आणि पुढच्या काचेतून आई दोन्ही हात हलवत होती.

सवयीनं ग्रंथपालांचं बोट ओठांवर गेलं. मग त्यांनी ते खाली घेतलं, आणि खिडकीचं दुसरं दारही उघडलं.