परिसींना श्रद्धांजली

"स्वागताचं भाषण करावं तर या काकासाहेबानंच!" असं आख्ख्या जामखेड तालुक्यात एकच माणूस म्हणे. स्वतः काकासाहेब! पाहुणा कुठलाही असो, त्याचं गाव, कूळ, सोयरेधायरे खणून काढायचे आणि भर सभेत मांडायचे, ही त्यांची पद्धत.

त्यातून आता गावात फ्रान्सच्या मॅडम येणार होत्या. बायकांना शेळ्या पाळायला मदत करणाऱ्या संस्थेच्या त्या मोठ्या साहेब. काकासाहेबांची लेक धनश्री तिथंच दुभाषी म्हणून कामाला. ती कायम होणार की घरी बसणार, हे मॅडमच ठरवणार होत्या.

"अण्णा, दोनच वाक्यं बोला. पाया पडते," पोरीनं बजावलं.

"तू गप बस गं! माझा अभ्यास लई तगडा झालाय!"

अभ्यास मोबाईलवर झाला होता. पॅरिसचं नाव म्हणे 'परिसी' या लॅटिन नावावरून पडलं. ती तिथली जुनी गॉल जमात. पुढं वाचलं, तर रोमन फौजेशी लढताना त्यांची माणसं धारातीर्थी पडलेली! काकासाहेब हळहळले. पाहुण्याच्या भावकीत माणसं गेलीत, आणि आपण तसेच हार घालायचे? ही काय रीत झाली?

सभेत त्यांनी माईक धरला. "मॅडमच्या भावकीतले परिसी बांधव लढाईत गेले! सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं!"

सगळा गाव माना खाली घालून उभा! बचत गटाच्या लंकाबाईंचं तेवढ्यानं कुठं भागतंय? त्यांनी मॅडमना मिठी मारून गळाच काढला. "कसं सोसलंस गं माझे बाई!"

मॅडम पांढऱ्याफटक! त्यांची म्हातारी आई आजारी होती. त्यांनी तिथंच घरी फोन लावला. आई ठणठणीत! वर, जेवताना फोन कशाला केलास म्हणून डाफरली!

"मॅडम विचारतात, मग गेलं कोण?" धनश्री म्हणाली.

"परिसी."

"कधी?"

"इसवी सनापूर्वी... बावन्न साली."

धनश्रीनं कपाळावर हात मारला. "आणि अण्णा, मॅडम पॅरिसच्या नाहीतच! लिआँच्या आहेत!" तिचे डोळे भरून आले. ते बघून काकासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर एवढे माईक गाजवले, पण पोटच्या पोरीकडे बघायची लाज कधी वाटली नव्हती. डोक्यावरचा फेटा उतरवून ते मॅडमपुढं गेले.

"पोरीची काय बी चूक न्हाई. नोकरी घालवायची तर माझी घालवा!"

धनश्रीनं कसंबसं ते मॅडमना सांगितलं आणि उत्तर आणलं. "तुमची नोकरी कोणती, विचारतात."

काकासाहेब पुटपुटले, "गावात पाहुणा आला की... भाषण करतो."

मॅडम हसू दाबत काहीतरी बोलल्या. धनश्रीनं माईक घेतला. "मॅडम म्हणतात, घालवली! अण्णांची भाषणं आजपासून बंद! आणि... आणि मी कायम!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! पोरीसाठीच असणार, अशी काकासाहेबांनी मनाची समजूत घातली. पण खोटं कशाला बोला, टाळ्या पहिल्याच वाक्याला सुरू झाल्या होत्या!