जळगाव जामोदची झोप

नीळकंठला झोप हवी होती, आणि खामगावातल्या त्याच्या घरात झोप सोडून सगळं मिळत होतं. कचेरीतलं तुंबलेलं काम तो घरी आणून रात्री उपसत असे, आणि पहाटे आईचा खलबत्ता सुरू झाला की घराला जाग येत असे.

आई अन्नपूर्णाबाईंचा कायदा साधा होता. दिवसा पाठ टेकली की लक्ष्मी उंबरठ्यावरूनच परत फिरते. मागे नीळकंठला ताप आला, तेव्हा त्यांनी मायेनं काढा पाजला, कपाळावर पट्टी ठेवली आणि उशाशी सुपात तुरीची डाळ आणून ठेवली. नुसता पडलाच आहेस तर खडे निवड, असं त्यांचं म्हणणं. बायको स्नेहलता तर या घरात आल्यापासून बसतानाही हातात लसूण घेऊन बसायची. सोलायचा असो वा नसो.

नीळकंठ एका कचेरीत जन्ममृत्यूचे दाखले लिहायचा. बुधवारी पेंगता पेंगता त्याने लग्न ठरलेल्या एका तरुणाला जन्माच्या जागी मृत्यूचा दाखला दिला. तरुणाने तो नीट वाचला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "साहेब, हे माह्या घरच्यायले माहीत आहे काय?"

त्या महिन्यातला हा पहिला बळी नव्हता. मोठे साहेब नीळकंठला मानायचे, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. "उद्या सुट्टी घ्या अन झोपा. दुसरं काही करू नका. परवा आणखी एक जिवंत माणूस मेला, तर तुमची बदली मले थांबवता येणार नाही."

घरी हे सांगणं शक्य नव्हतं. गुरुवारी अन्नपूर्णाबाई नेहमीप्रमाणे झुंबरबाईंकडे भजनाला निघाल्या. खांद्याला त्यांची पिशवी होती. ती नीळकंठच्या नववीतल्या खाकी पँटची शिवलेली होती, खिशासकट. त्या खिशात त्या चष्मा ठेवत. त्यांच्या मागोमाग स्नेहलता शाळेत शिकवायला गेली आणि नीळकंठही डबा घेऊन बाहेर पडला. घरी परतावं, तर भजन कधी सुटेल याचा नेम नव्हता, आणि दुपारी अंथरुणात सापडलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं.

मग त्याला सुचलं. एस्टीत झोपलेल्याला कोणी आळशी म्हणत नाही. त्याला प्रवासी म्हणतात.

त्यानं जळगाव जामोदची गाडी धरली, पुढची खिडकी धरली आणि डोळे मिटले. शेजारी एक शेतकरी बसले. उकंडराव असं नाव त्यांनी न विचारता सांगितलं. लेकीला लोणच्याची बरणी द्यायला निघाले होते. "तुम्ही कोनीकडं?" त्यांनी विचारलं.

झोपायला चाललोय, एवढंच सांगायचं होतं. पण नीळकंठच्या डोक्यात लक्ष्मी उंबरठ्यावरून वळली, आणि त्याच्या तोंडून निघालं, "सरकारी कामावर हाओ."

"कोनतं काम?"

खिडकीबाहेर बाभळी धावत होत्या. "झाडं मोजून राह्यलो," नीळकंठ म्हणाला. "रस्त्याच्या बाजूची."

"डोये मिटून?"

ही शंका रास्त होती. नीळकंठने डोळे उघडले आणि मोजायला सुरुवात केली. उकंडरावांना सरकारी कामाबद्दल फार आदर होता, त्यामुळे ते मदतीला लागले. नीळकंठची मान जरा कलली की ते कोपरानं ढोसायचे. "साहेब, दोन निंब गेले." नांदुऱ्याच्या पुढे अर्ध्या तोडलेल्या झाडाचं काय करायचं, यावर त्यांनी मागच्या बाकांवरच्यांचं मत घेतलं. बुंध्याला पालवी असेल तर झाड धरावं, असं ठरलं. मग प्रत्येक बुंध्याची पालवी बघणं आलं. एका बाईनं आपल्या दारातला उंबर मोजाच म्हणून हट्ट धरला. तो रस्त्यावरून दिसत नव्हता, तरी धरला.

जळगावला गाडी रिकामी झाली. नीळकंठला एवढा थकवा कचेरीतही कधी आला नव्हता. आता हीच गाडी परत जाणार, तर निदान तेवढ्यात तरी झोपू, म्हणून तो शेवटच्या लांब बाकाकडे निघाला. कंडक्टर रुपालीनं त्याला हळूच अडवलं.

"तिथं नका बसू, काका. आजी झोपल्या हायेत."

"उतरायचं राह्यलं त्यायचं?"

"त्या उतरतच नाहीत. दर गुरुवारी येतात, झोपतात, याच गाडीनं वापस जातात. पंचाहत्तरीच्या वर फुकट असते ना. आम्ही उठवत नाही."

बाकावर पदर तोंडावर घेऊन कोणीतरी मजेत घोरत होतं. डोक्याखाली खाकी पिशवी होती. खिशातून चष्म्याची दांडी बाहेर आली होती.

नीळकंठ जवळ जाऊन वाकला. मग पदर हलला आणि एक डोळा उघडला.

"मी झोपली नव्हती," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "नामस्मरण चालू होतं."

"घोरत होतीस तू, आई."

"प्रत्येकाचं नाम येगळं रायते." त्या उठून बसल्या. "तू काऊन इथं? हापीस बंद पडलं का?"

नीळकंठने झाडांपासून सुरुवात केली, पण आईच्या एका नजरेत झाडं संपली. मग त्यानं सगळं सांगितलं, नवरदेवासकट. त्यांनी त्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू डाळ आणून ठेवली असती."

अन्नपूर्णाबाईंनी पदर सारखा केला. "तुह्या आजीनं मले कधी दिवसा टेकू देलं नाही," त्या म्हणाल्या. "ती जाऊन तीस वर्सं झाली. पण घरात जरा पडलं की तिचा आवाज येते. एस्टीच्या खडखडाटात नाही येत."

नीळकंठ आईशेजारी बाकावर टेकला. "मग इथं झोपलं तं लक्ष्मी नाही जात?"

"लक्ष्मी कायले एस्टीत येईल, बापा? तिले काय गाड्यायची कमी आहे." त्यांनी पिशवी झटकली आणि मांडीवर ठेवली. "टेक डोकं. नाही तं उद्या आखीन एखाद्याले मारशील. आन आता घरी डाळ नाही आणत मी उशाशी. सुनेलेही सांगतो, लसूण ठेव म्हणा खाली."

पन्नाशीचा नीळकंठ आपल्याच नववीतल्या पँटवर डोकं ठेवून आडवा झाला. गाडी सुटायच्या आधीच त्याचंही नामस्मरण सुरू झालं.

तेवढ्यात लोणचं पोचवून उकंडराव धापा टाकत गाडीत चढले. त्यांनी पुढचे बाक पाहिले, मग मागे आले. "साहेब, ओ साहेब. वापसीची बाजू मोजायची राह्यली ना."

अन्नपूर्णाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भाऊ," त्या म्हणाल्या. "साहेब बेरीज करून राह्यले."

उकंडराव ओशाळले. त्यांनी वहाणा हातात घेतल्या, पाय न वाजवता पुढे गेले आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसून स्वतःच मनातल्या मनात मोजायला लागले.